दुष्काळ, प्लेग आणि शांती : पंडिता रमाबाईंचा अंतर्यामीचा प्रवास

१/ पंडिता रमाबाई म्हटले की स्त्रीशिक्षण, शारदा सदन, हंटर आयोगापुढील साक्ष आणि धर्मांतराचा वाद एवढ्या गोष्टी बहुतेकांना आठवतात. त्यांच्या धर्मांतराची तारीख पाठ्यपुस्तकात सापडते; परंतु त्या धर्मात त्यांना मनःशांती केव्हा लाभली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या दोन घटनांमध्ये सुमारे आठ वर्षांचे अंतर आहे, आणि त्यांच्या उत्तरायुष्याचा अर्थ त्या अंतरात दडलेला आहे. त्याविषयी हा धागा.

२/ रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्री चकित झाले आणि आपल्या पत्नीसही शिकवायचे असा निश्चय त्यांनी केला. समाजाचा रोष पत्करून त्यांनी तो तडीस नेला. पुढे रमाबाईंना संस्कृतचे पहिले पाठ मिळाले ते आई लक्ष्मीबाईंकडून.

३/ घरची संपत्ती अतिथी आणि तीर्थयात्रा यांत सरली. मग हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव फिरू लागले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पोथी वाचायची, आणि श्रोते जे ठेवतील त्यावर गुजराण करायची. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. धर्म हा त्यांच्यासाठी केवळ श्रद्धेचा विषय नव्हता. घरातली चूल त्यावर पेटत होती.

४/ १८७० च्या दशकात दक्षिणेत अन्नान्नदशा झाली. कुटुंबाने उपवास केले, अनुष्ठाने केली, उरलेले द्रव्य दानधर्मात घातले. कारण पापक्षय झाला तर देव प्रसन्न होईल, अशी निष्ठा होती. द्रव्य संपले, देव काही बोलला नाही. वृद्ध आणि दृष्टी गमावलेल्या अनंतशास्त्रींनी अखेरच्या दिवसांत धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि तिला देवाच्या हाती सोपवले. जन्मभर त्याचीच सेवा कर, एवढेच त्यांचे मागणे होते.

५/ पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी अन्न मागायला रमाबाई शेजारच्या एका बाईच्या दारी गेल्या, पण पंडिताच्या मुलीच्या तोंडून भिकेचा शब्द फुटेना. त्या बाईने ओळखले आणि जाड्याभरड्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन त्या परतल्या तेव्हा आईला तो खाण्याचीही शक्ती उरली नव्हती. आईच्या प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. उंचीने लहान असलेल्या रमाबाईंनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही कॉलऱ्याने गेली.

६/ मागे राहिले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. परंपरेवरील त्यांचा विश्वास डळमळू लागला तो याच वाटेवर. व्रते सर्व केली, नियम एकही मोडला नाही, मग फळ कोठे आहे, हा प्रश्न दोघांनाही टोचत होता.

७/ १८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच शहरात तिने ख्रिस्ती मंडळींची उपासना प्रथम पाहिली. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकत होते. हे खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्या भावंडांना वाटले! तेथे त्यांना संस्कृत बायबलही मिळाले, पण त्याची भाषा आणि त्यातील विचार तेव्हा तरी परकेच राहिले.

८/ त्याच सुमारास केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांचा अभ्यास करण्याचा आग्रह केला. व्याख्यानांच्या निमित्ताने धर्मशास्त्रेही त्यांनी बारकाईने वाचली. ग्रंथांत परस्परांशी मतभेद पुष्कळ आढळले. मात्र स्त्री आणि शूद्र यांना स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाही, याबाबत बहुतेकांचे एकमत त्यांना दिसले. जिच्या वडिलांनी शेवटच्या श्वासापर्यंत तिला देवाची सेवा कर म्हणून सांगितले, तिला त्याच देवाच्या दारात जागा नाही, हे मानणे रमाबाईंना अशक्य झाले.

९/ १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. सिल्चरच्या घरी त्यांना बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाची एक पुस्तिका सापडली. अॅलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन तिचा अर्थ सांगू लागले. रमाबाईंची ओढ पतीला रुचली नाही. तो मतभेद मिटण्याआधीच फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाईंनी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सर्व गमावले होते.

१०/ त्या पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची व स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. बाहेर कीर्ती वाढत होती, आत मात्र स्थैर्य नव्हते. काशीचे विद्वान, जन्माने चित्पावन आणि नंतर ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी त्यांची धर्मचर्चा सुरू झाली.

११/ १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली. परक्या देशातला हा धक्का फार मोठा होता. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

१२/ या निर्णयामागे एक दृश्य होते. लंडनजवळच्या एका आश्रमात त्या भगिनी समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करीत. अशा स्त्रीबद्दल दंडाऐवजी दया असू शकते, हे रमाबाईंना नवीन होते. त्यांनी कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. ज्या प्रश्नाने धर्मशास्त्रांपाशी त्यांना अडवले होते, त्याचेच उत्तर त्यांना या कथेत दिसले.

१३/ तरीही त्या आज्ञाधारक शिष्या कधीच झाल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी मठातील सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यात बिशपांनी लक्ष घातले, तेव्हा आपला विवेक कोणाकडे गहाण नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. येशू त्यांनी स्वीकारला होता. इंग्रजांच्या चर्चची हुकमत नव्हे.

१४/ १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले आणि बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. या संस्थेने दहा वर्षे साहाय्य करण्याचे मान्य केले. अट एकच, विधवांची शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई कर्वे. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले.

१५/ कीर्ती, संस्था, अनुयायी सर्व काही होते. आणि नेमक्या याच काळात रमाबाईंना आपल्या श्रद्धेतील पोकळी जाणवू लागली. सुमारे १८९१ मध्ये विल्यम हॅसलम यांचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅसलम हे कॉर्नवॉलमधील पाद्री. काही वर्षे धर्मकार्य करून, एके दिवशी व्यासपीठावर स्वतःच दिलेल्या प्रवचनाने ज्यांचे अंतःकरण पालटले, असे गृहस्थ! ते वाचताना आपलीही गत तीच आहे, हे रमाबाईंच्या ध्यानी आले.

१६/ १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी याचे निदान फार प्रामाणिकपणे केले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्याचा आशय. बाप्तिस्मा हा बुद्धीचा कौल होता. आठ वर्षे त्या पुन्हा एक जुनाच हिशोब मांडत होत्या : इतकी सत्कृत्ये, इतके नियम, आणि मोबदल्यात देवाची प्रसन्नता. बालपणीच्या व्रतांनी त्यांना जसे थकवले, तसेच ख्रिस्ती कर्तव्यांनीही थकवले होते.

१७/ आता त्यांना उमगले ते असे की क्षमा मिळवायची नसते, ती स्वीकारायची असते. ख्रिस्ती परंपरेत याला 'कृपा' म्हणतात. ज्या मुलीने दुष्काळात अखेरचे नाणेही पुण्यासाठी देऊन टाकलेले पाहिले, तिच्यासाठी हा शब्द पोकळ नव्हता. आई-वडील आपल्या पापामुळे मेले का, आपले एखादे व्रत अपुरे पडले का, या दीर्घकाळच्या टोचणीतून ती मोकळी झाली. याच अनुभवाला त्यांनी शांती म्हटले.

१८/ गंमत अशी की मनात शांती आली आणि बाहेर वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसत. यातून १८९३ मध्ये मोठा वाद पेटला. 'केसरी'ने कठोर टीका केली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा मुद्दा निराधार नव्हता : तटस्थतेचे वचन ऐकून घरच्यांनी असहाय विधवा मुली या संस्थेत पाठवल्या होत्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की कोणावर सक्ती नाही, मात्र स्वतःची श्रद्धा दाराआड लपवण्याचे वचन आपण दिलेले नाही.

१९/ या वादात रमाबाईंनी पुण्यातील जवळजवळ सारा सुधारक वर्ग गमावला. आजही त्यांच्या चरित्राचे वाचन या एका वर्षापाशी अडते. ज्यांना त्या सुधारक म्हणून हव्या असतात ते त्यांची श्रद्धा गाळतात, आणि ज्यांना त्या धर्मांतरित म्हणून खटकतात ते त्यांचे काम गाळतात. त्यांची कसोटी मात्र तीनच वर्षांनी आली, आणि ती वादसभेत नव्हती.

२०/ १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेथील अनाथगृहांतील आणि रस्त्यांवरील मुलींच्या वार्ता ऐकून रमाबाई स्वतः निघाल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांना फसवून नेणारे दलाल आणि सरकारी दुष्काळी छावण्यांतील अनाचार हे सर्व त्यांनी पाहिले व लिहिले. वीस वर्षांपूर्वी भाकरीच्या तुकड्यासाठी दारात मुकी उभी राहिलेली मुलगी आता स्वतः भाकरी घेऊन निघाली होती. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पैशाची तरतूद हाती नव्हती.

२१/ पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि नव्या लोकांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावजवळ काही वर्षांपूर्वी घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. शारदा सदनाला स्वतःचे उत्पन्न मिळावे म्हणून घेतलेली ही जमीन अशा रीतीने 'मुक्ती'ची भूमी झाली. विहिरी खणल्या, शेती केली, इमारती बांधल्या. त्यांतील पुष्कळसे काम स्त्रियांनीच केले.

२२/ शांती लाभली म्हणजे माणूस निमूट होतो, असा एक समज असतो. १८९७ च्या प्लेगच्या दिवसांत रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्यातील प्लेग रुग्णालय आणि विलगीकरण छावणी यांतील स्त्रियांच्या दुरवस्थेवर जाहीर टीका केली. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, या कारणाने त्यांनी लेखणी आवरली नाही.

२३/ १८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीतील संख्या सुमारे १९०० पर्यंत गेली. विणकाम, तेलघाणा, छपाई, दुग्धव्यवसाय, शिवण, परिचर्या अशी कामे मुली शिकू लागल्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपीत वाचन शिकवले जाई. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' उघडले. नावाकडे लक्ष द्यावे : लंडनजवळच्या आश्रमात जे पाहिले आणि १८९१ मध्ये जे उमगले, ते दोन्ही त्या एका शब्दात आहे.

२४/ अर्थात सर्व मुली वाचल्या नाहीत. उपासमारीने खंगून आलेल्यांपैकी अनेक जणी आजारपणात दगावल्या. शिवाय मुक्ती ही आता उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. संकटात सापडलेल्या मुलीची श्रद्धा कितपत स्वतंत्र असू शकते, हा प्रश्न टीकाकार तेव्हाही विचारीत आणि अभ्यासक आजही विचारतात. तो प्रश्न रास्त आहे. मात्र दुष्काळाच्या त्या वर्षात या मुलींसाठी दुसरे किती दरवाजे उघडे होते, हा प्रश्नही त्याच्याशेजारी ठेवला पाहिजे.

२५/ जून १९०५ मध्ये मुक्तीत भावावेशपूर्ण प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली तासन्‌तास रडत, गात, प्रार्थना करीत. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतील मिशनरी हूवर दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तेथे सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने प्रेरणा दिली. दौंड तालुक्यातील दुष्काळग्रस्त मुलींच्या प्रार्थनेचा प्रतिध्वनी दक्षिण अमेरिकेत उमटला, ही गोष्ट ख्रिस्ती धर्माच्या जागतिक इतिहासातही महत्त्वाची ठरते.

२६/ अखेरची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका प्रचंड कामाला दिली. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, हे त्या पाहत होत्या. म्हणून संस्कृतची ही पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि तिने सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. ज्या ग्रंथाने आपल्याला शांती दिली तो वाचण्यासाठी मधे पंडिताची गरज पडू नये, हा त्यामागचा हेतू होता.

२७/ दुःख मात्र अजून संपले नव्हते. आईच्या कार्याची वारस समजली जाणारी मनोरमा जुलै १९२१ मध्ये मिरज येथे वारली. रमाबाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. घरातले शेवटचे माणूसही गेले होते. त्यांनी अनुवादाची मुद्रिते तपासणे थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

२८/ रमाबाईंच्या आयुष्याची दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत. दुष्काळात आई-वडील गेले तेव्हा त्यांच्या मनात भय होते, की देव रुष्ट आहे. मुलगी गेली तेव्हा दुःख तेवढेच होते, परंतु ते भय नव्हते. संकट टळण्याला त्यांनी शांती कधीच म्हटले नाही. संकट म्हणजे शिक्षा नव्हे, ही खात्री पटणे हीच त्यांची शांती होती. ती खात्री त्यांना ख्रिस्ती श्रद्धेत मिळाली, आणि तीही बाप्तिस्म्याच्या दिवशी नव्हे, तर आठ वर्षांच्या अस्वस्थतेनंतर.

२९/ इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी यात एक सूचना आहे. धर्मांतराची नोंद दप्तरात एका तारखेला होते. मनुष्याच्या अंतःकरणाला अशी एक तारीख नसते. रमाबाई कोणत्या धर्मात गेल्या, एवढेच विचारून थांबल्यास १८८३ पाशी पुस्तक मिटते. तेथे गेल्यावर त्यांना काय गवसले आणि ते घेऊन त्या कोणाच्या दारी उभ्या राहिल्या, हे पाहायचे तर केडगावपर्यंत जावे लागते. मुक्ती मिशनचे काम तेथे आजही चालू आहे.

(धागा समाप्त)